मॉरिशसला सात रात्री: कुठे राहायचं, काय बघायचं आणि मराठी माणसं कुठे भेटतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं आणि सत्तरीतले सासू-सासरे, असे चौघं सात रात्रींसाठी मॉरिशसला जाणार आहात. जुलै घ्यावा की डिसेंबर, हे ठरत नाहीये. फोटोंत नुसते किनारे दिसतात आणि आई-बाबा काही पाण्यात उतरणार नाहीत, मग त्यांना कंटाळा येईल का, ही काळजी आहे. सासूबाई पक्क्या शाकाहारी. सासरे मूळचे संगमेश्वरकडचे, तिकडे मराठी लोक राहतात असं ऐकल्यापासून त्यांना भेटायचं त्यांच्या मनात आहे.

मी गेली सोळा वर्षं मराठी मंडळींचे गट घेऊन मॉरिशसला जाते आहे. त्यात ज्येष्ठ नागरिकांचेच गट जास्त असतात. त्या अनुभवावरून सांगते, महिन्याचा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तुमची सहल खऱ्या अर्थाने दोन गोष्टींवर ठरणार आहे: बेटाच्या कोणत्या बाजूला उतरता, आणि सातातले किती दिवस समुद्राकडे पाठ करून बेटाच्या आत शिरता. समुद्र तुम्हाला सकाळ-संध्याकाळ हॉटेलच्या दारात मिळणारच आहे. दिवस मात्र आतल्या भागासाठी राखून ठेवा.

आधी आकाराचा अंदाज येऊ द्या. मुख्य बेट साधारण १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पावपटीहूनही लहान. उत्तर-दक्षिण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. विमानतळ आग्नेय टोकाला माएबूरजवळ, आणि पर्यटकांची सर्वांत जास्त गजबज असलेलं ग्रां बे वायव्येच्या टोकाला. म्हणजे अख्खं बेट ओलांडूनही सव्वा-दीड तासच लागतो. बेट इतकं लहान असूनही दोन किनाऱ्यांवरची हवा एकाच दिवशी पूर्ण वेगळी असते. बहुतेक जण फसतात ते इथे.

मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे आपला पावसाळा तो त्यांचा हिवाळा. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि आल्हाददायक असते. किनाऱ्यावर दिवसा चोवीस-पंचवीस अंश, रात्री सतरा-अठरा. पण याच महिन्यांत आग्नेयेकडून व्यापारी वारे सतत वाहतात. ते थेट पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतात. मधले डोंगर त्यांना अडवतात, ढग वर क्यूरपीपच्या पठारावर रिकामे होतात आणि पश्चिम किनारा उबदार, कोरडा राहतो. सह्याद्रीच्या एका अंगाला धो धो पाऊस आणि दुसऱ्या अंगाला माणदेश, त्याचंच हे छोटं रूप.

हे मला एका जुलैत नीट समजलं. तेव्हा मी नवी होते. एका एजंटाने पूर्व किनाऱ्यावरचं देखणं हॉटेल स्वस्तात देऊ केलं आणि मी बावीस ज्येष्ठांना घेऊन तिथे उतरले. हॉटेल खरंच सुंदर होतं. पण पाचही दिवस वारा असा, की बाहेर ठेवलेली खुर्ची उलटायची. वाळू डोळ्यांत जायची, संध्याकाळी सगळे स्वेटर घालून खोलीत बसायचे. शेवटच्या दिवशी आम्ही पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला गेलो, तर तिथलं पाणी तळ्यासारखं शांत, आणि आमच्यातल्या एक आजी पातळ जरा वर धरून घोटाभर पाण्यात अर्धा तास उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘अगं, पहिल्याच दिवशी इथे का नाही आणलंस?’ तेव्हापासून मे ते ऑक्टोबर मी पूर्व किनाऱ्यावर कोणालाही ठेवत नाही.

डिसेंबरचं गणित वेगळं. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा: पारा तिशीपार, हवा दमट, मधूनमधून जोरदार सरी. तेव्हा पूर्वेचा वारा उलट हवासा वाटतो. लिचीचा हंगाम असतो, रस्तोरस्ती गुलमोहर फुललेला असतो. पण नाताळच्या सुट्टीमुळे दर वर्षातले सर्वांत चढे. शिवाय हा चक्रीवादळांचा मोसम. जास्त धोका जानेवारी ते मार्चमध्ये. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. तिथली इशाऱ्याची पद्धत शिस्तीची आहे, एक ते चार अशा पायऱ्या असतात. तिसरा इशारा लागला की सगळा व्यवहार बंद होतो आणि माणसं घरात बसतात. हॉटेलवाले सांगतील तसं वागायचं, घाबरायचं कारण नाही; पण सातातले दोन दिवस खोलीत जाऊ शकतात हे धरून चालायचं.

म्हणून तुमच्या दोन पर्यायांतून निवडायचं तर जुलै, आणि तोही पश्चिम किनाऱ्यावर. पण रजा पुढे-मागे करता येत असेल तर सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर घ्या. वारा कमी झालेला असतो, पाणी तापायला लागतं, पाऊस सर्वांत कमी. मुलांची शाळा, नोकरी, तिकिटाचा दर यांवर हे अवलंबून आहे, ते तुमचं तुम्हीच बघा.

राहायचं कुठे? दोघंच असतात त्यांना मी चार रात्री पश्चिमेला, तीन उत्तरेला असं सांगते. सोबत वडीलधारे असतील तर बॅगा एकदाच उघडा आणि फ्लिक-आं-फ्लाकच्या परिसरात सातही रात्री राहा. शामारेल, ल मोर्न, गंगा तलाव ही पुढे सांगणार आहे ती ठिकाणं तिथून जवळ. पोर्ट लुईही लांब नाही. किनारा लांबलचक आणि सपाट, कडेने सुरूची झाडं. अगदी आपल्या कोकणातल्या सुरूच्या बनासारखी सावली. मराठी वस्तीही याच बाजूला आहे, त्याबद्दल शेवटी लिहिते.

आता बेटाच्या आत जाऊ. विमानतळावरून निघालात की बाहेर बघा. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग, रचलेल्या भिंतींसारखे. आमच्या गटातलं कोणीतरी दर वेळी विचारतं, ही कसली देवळं? ती देवळं नाहीत. ते शेतातून हातांनी वेचून काढलेले दगड आहेत. मॉरिशस हे ज्वालामुखीचं बेट. समुद्रतळाखालच्या ज्या तप्त केंद्रातून ते वर आलं, त्याच केंद्रातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या पठाराचा लाव्हा बाहेर पडला, असं भूवैज्ञानिक मानतात. भारताची भूमी उत्तरेला सरकत गेली, केंद्र तिथेच राहिलं, आणि त्याच्यावर एकामागून एक बेटं तयार झाली. ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि त्यानंतर शेजारचं रियुनियन, जिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. म्हणजे रायगडाचा कातळ आणि उसाच्या मळ्यातला तो ढीग एकाच कुळातले. तुमच्या सासऱ्यांना तो दगड हातात घेऊन बघू द्या. ओळखीचा वाटेल.

हे दगड वेचले कोणी, या प्रश्नात या देशाचा बहुतेक इतिहास येतो. इथे मूळ रहिवासी नव्हतेच. १५९८ मध्ये डच उतरले, त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं. त्यांच्या काळातच, सतराव्या शतकात, डोडो पक्षी संपला. १७१० मध्ये डच निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून ऊस लावला. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण फ्रेंच भाषा, कायदा, जमीनदार तसेच ठेवले. त्यामुळे आजही सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये आणि घराघरात बोलतात ती क्रिओल. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. मळ्यांना माणसं हवीच होती. ती भारतातून कराराने आणायला काही महिने आधीच सुरुवात झाली होती.

पोर्ट लुईच्या धक्क्यावरचा आप्रवासी घाट हे त्यांचं उतरण्याचं ठिकाण. पूर्वी याला कुली घाट म्हणत. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अॅटलास’ जहाजातून छत्तीस मजूर या बंदरात उतरले, आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून जास्त भारतीय आले. त्यातले बहुसंख्य बेटावरच राहिले. २००६ मध्ये हा घाट जागतिक वारसा झाला. जुन्या वास्तूचा मोठा भाग महामार्गाच्या कामात गेला, उरलं ते थोडकंच: दगडी खोल्या, स्वयंपाकघराचे अवशेष आणि सोळा पायऱ्या. मजूर याच पायऱ्या चढून आत येत.

इथे मी गटाला घाई करत नाही. मार्गदर्शक कराराच्या अटी सांगतात: पाच वर्षांचं बंधन, आणि एक दिवस कामावर नाही गेलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे, आणि नोंदवहीत नाव, वय, जात, गाव, अंगावरच्या खुणा लिहिल्या जात. पुढे मजुरांचे फोटोही काढू लागले. ते सगळं दफ्तर आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलंय आणि मॉरिशसची माणसं आपल्या पणजोबांचा क्रमांक घेऊन तिथे येतात. लिहिणारे कारकून गोरे, सांगणारे भेदरलेले. त्यामुळे गावांची नावं ऐकू आली तशी उतरली आहेत. गिरगावातून आलेल्या एका निवृत्त शिक्षिका त्या पायऱ्यांपाशी चप्पल काढून उभ्या राहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मग मागच्या सगळ्यांनी काढल्या.

या घाटासोबत ल मोर्न बघा, म्हणजे गोष्ट पुरी होते. नैर्ऋत्येच्या टोकाला ५५६ मीटरचा हा एकटा कातळ समुद्रात घुसलेला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कडेकपारीत लपून राहत. लोक सांगतात की गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर निघाले, तर वरच्यांना वाटलं पकडायलाच आलेत, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ मध्ये यालाही जागतिक वारशाचा मान मिळाला. आई-बाबांना चढायची गरज नाही. पायथ्याच्या सार्वजनिक किनाऱ्यावरून कातळ अख्खा दिसतो आणि जवळच गुलामांच्या स्मरणार्थ शिल्पं आहेत. तुम्ही दोघं पहाटे निघून निम्म्यापर्यंत चढून येऊ शकता. वरचा टप्पा खडा आहे, तो सराव असेल तरच. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, हे मला फार मोलाचं वाटतं.

गंगा तलावाला तर तुम्ही जाणारच. ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं तळं, काठावर देवळं, आणि प्रवेशालाच ३३ मीटर उंच मंगल महादेव, बडोद्याच्या सूरसागरातल्या मूर्तीच्या धर्तीवर घडवलेला. महाशिवरात्रीला लाखो माणसं आपापल्या गावाहून पायी कावड घेऊन इथे येतात; तेव्हा जाणार असाल तर रस्त्यात तासन्‌तास जातील याची तयारी ठेवा. एरवी सकाळी लवकर गेलात की तळ्यावर धुकं असतं. किनाऱ्याहून इथे पाच-सहा अंशांनी थंड, सासूबाईंची शाल गाडीत ठेवा. माकडं हातातला प्रसाद हिसकतात, केळी पिशवीत झाकून न्या.

शामारेलची सात रंगांची माती सगळे बघतात, तुम्हीही बघा, पण तिला अर्धा तास पुरे. सकाळच्या तिरप्या उन्हात रंग उठून दिसतात आणि गर्दीही नसते. त्याच वाटेवरचा धबधबा आणि ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांचं दर्शन मला जास्त आवडतं. या राष्ट्रीय उद्यानात मॉरिशसचा ससाणा दिसला तर नशीब समजा: १९७४ मध्ये रानात याचे फक्त चार पक्षी उरल्याची नोंद होती, आणि माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून ही जात परत आणली. डोडो जिथे संपला, त्याच बेटावर हे झालं.

पांप्लमूसची बाग आई-बाबांसाठी अगदी योग्य. सपाट वाटा, दाट सावली, बसायला बाकं. मोठ्या परातीएवढ्या पानांची कमळं तिथे आहेत. त्यांचं फूल पहिल्या दिवशी पांढरं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. अठराव्या शतकात पिएर पुआव्र या फ्रेंच माणसाने डचांची मक्तेदारी मोडायला जायफळ आणि लवंगेची रोपं चोरून आणून इथे लावली. कोकणातल्या माणसाला जायफळाचं झाड दाखवलं की तो पुढचा तासभर त्याच्याशीच बोलत राहतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

पूर्वेला एक दिवस माएबूरसाठी ठेवा, शक्यतो सोमवारी, कारण त्या दिवशी तिथला मोठा बाजार भरतो. वांगी, दुधी, शेवग्याचा पाला, कढीलिंब सगळं ओळखीचं, नावं मात्र कानांना गंमत वाटतील अशी: कोथिंबिरीला कोतोमिली, कढीलिंबाला कारिपूले, दोन्ही तमीळमधून क्रिओलमध्ये गेलेली. समोरच्याच खाडीत ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवलं होतं. याच किनाऱ्यावर जुलै २०२० मध्ये ‘वाकाशियो’ नावाचं जहाज प्रवाळावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल पाण्यात सांडलं. तेव्हा गावकऱ्यांनी कापडाच्या लांब थैल्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट भरलं आणि तेल अडवायला पाण्यावर सोडल्या. म्हातारी माणसंसुद्धा रात्ररात्र थैल्या शिवत होती. मी पुढच्या वेळी गेले तेव्हा आमच्या नावाड्याने त्याचे हात दाखवले आणि म्हणाला, तो काळा रंग आठवडाभर निघाला नव्हता.

माएबूरहून जवळच ब्लू बे. काचेच्या तळाच्या होडीतून कपडे न भिजवता प्रवाळ बघता येतं, आई-बाबांना हे नक्की दाखवा. तुम्हाला दोघांना वेळ असेल तर ईल ओ एग्रेत या छोट्या राखीव बेटावर जा. गुलाबी कबुतर आणि मोठी कासवं तिथे मोकळी फिरतात. ईल ओ सेर्फ या प्रसिद्ध बेटाबद्दल सगळे विचारतात. वाळू सुंदर आहे, पण जलक्रीडा करायच्या नसतील तर ज्येष्ठांसाठी दिवस मोठा होतो.

समुद्राबद्दल चार गोष्टी. बेटाभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, म्हणून आतलं पाणी उथळ आणि शांत. दक्षिणेला सुईयाकजवळ ग्री-ग्रीला ती भिंत तुटते, लाटा थेट कड्यावर फुटतात. तिथे पाण्यात उतरू नका, नुसतं बघा. पाण्यात जाताना रबरी बूट घाला, सागरी अर्चिनचे काटे आणि दगडमासा यांपासून पाय वाचतात. प्रवाळाचा तुकडा किंवा शंख आणू नका, कायद्याने मनाई आहे. आणि ‘समुद्राखालचा धबधबा’ म्हणून जो फोटो तुम्ही पाहिला असेल, तो ल मोर्नजवळचा दृष्टिभ्रम आहे: उथळ तळावरची वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे ओढला जातो, त्याचे पट्टे वरून धबधब्यासारखे दिसतात. ते हेलिकॉप्टरमधूनच कळतं, होडीतून काहीही दिसत नाही. होडीवाल्याने दाखवतो म्हटलं तर पैसे देऊ नका.

किनारे सार्वजनिक आहेत, हॉटेलासमोरची वाळूसुद्धा. रविवारी दुपारी सार्वजनिक किनाऱ्यावर मुद्दाम जा. घराघरांतून बिर्याणीचे टोप, चटया, पोरंबाळं येतात, आणि ऊन कलायला लागलं की कोणीतरी बकऱ्याच्या कातड्याची रावान डफासारखी शेकोटीवर तापवून घेतं. मग सेगा सुरू होतो. गुलामांनी जपलेलं हे गाणं-नाच. पाय वाळूतून न उचलता सरकवायचे. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याची वारसा म्हणून नोंद घेतली. हॉटेलातल्या रंगीत कार्यक्रमापेक्षा हे शतपटीने चांगलं.

शाकाहाराची काळजी करू नका. ढॉल पुरी हा तिथला वडापाव म्हणा: पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, वाटून, पुरणासारखी भरून पातळ लाटलेली पोळी. नेहमी जोडीनेच मिळते; गाडीवाला दोन पोळ्या एकमेकींवर ठेवतो, त्यावर पावट्यासारख्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची रुगाय, हिरव्या मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळून देतो. तिखट किती, ते आधी सांगा. गातो पिमां म्हणजे आपला डाळवडाच. फराटा म्हणजे पराठा. आलूदा म्हणजे सब्जा घातलेलं थंड दूध. अननसाला मीठ, मिरची, चिंच लावून देतात, सासूबाईंना तो हमखास आवडेल. तमीळ घरांतलं केळीच्या पानावरचं सात भाज्यांचं जेवण मिळालं तर सोडू नका. अडचण एकाच ठिकाणी येते: चिनी पद्धतीच्या नूडल्स आणि भात यांत मासळीचा किंवा ऑइस्टरचा सॉस असतो. ‘सां विआंद, सां प्वासों’ म्हणजे मांस नको, मासळी नको. हे दोन शब्द पाठ करा. कांदा-लसूणही चालत नसेल तर मात्र स्वयंपाकाची सोय असलेली सदनिका घ्या.

व्यवहाराचं भराभर सांगते. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण आणि पुरेसे पैसे दाखवावे लागतात, ऑनलाइन प्रवासी अर्ज भरावा लागतो. निघण्यापूर्वी ताजे नियम एकदा तपासा. मुंबईहून थेट विमानाला सहा-साडेसहा तास. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. त्यांच्या रुपयाला आपले पावणेदोन ते दोन रुपये पडतात. गाड्या डावीकडूनच चालतात, पण चौघांसाठी स्वतः चालवण्यापेक्षा रोजच्या भाड्याची चालकासह गाडी बरी. दर आदल्या दिवशीच ठरवा, कारण टॅक्सीला मीटर नसल्यातच जमा. गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर बंद होतात. पोर्ट लुई ते क्यूरपीप मेट्रो आहे, एकदा गंमत म्हणून जा.

तर आखणी साधारण अशी करा: उतरल्याचा दिवस विश्रांतीचा, एक दिवस पोर्ट लुई, घाट आणि बाजार, एक दिवस पांप्लमूस, एक दिवस गंगा तलाव, शामारेल आणि परतीला ल मोर्न, एक दिवस माएबूर आणि ब्लू बे, एक अख्खा दिवस काहीही न करण्याचा, तो रविवार असेल तर उत्तम. उरलेला दिवस सासऱ्यांचा.

कारण मराठी माणसांना भेटायला घाई चालत नाही. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून मजूर गेले. मुंबईहून गेलेले सर्वांत कमी, आणि त्यात रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतले बरेच. आज ते तिथल्या लोकसंख्येत मूठभर आहेत, पण हिंदी, तमीळ, तेलुगू यांच्याप्रमाणे मराठी हा तिथे स्वतंत्र समाज मानला जातो. शाळांत मराठी विषय घेता येतो, महात्मा गांधी संस्थेत पुढे शिकता येतं, गावोगाव मराठी मंडळ्या, म्हणजे आपल्या भाषेत मंडळं, आहेत आणि त्यांचा एक महासंघ आहे. कास्काव्हेल, व्हाकोआ, ब्लॅक रिव्हरच्या बाजूला त्यांची जुनी वस्ती.

एक गोष्ट सासऱ्यांना आधीच सांगा: ती माणसं मराठी बोलतीलच असं नाही. पाच-सहा पिढ्या झाल्या, घरात क्रिओल चालतं. आडनावंही ओळखीची नसतील, कारण नोंदवहीत आजोबांचं जे नुसतं नाव लिहिलं गेलं, तेच नातवंडांचं आडनाव झालं. तिथे जाऊन ‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न पहिल्याच झटक्यात विचारू नये. बऱ्याच जणांना ते माहीत नाही आणि त्याची त्यांना रुखरुख असते. मी एका घरात हा प्रश्न विचारला आणि एक क्षण सगळे गप्प झाले. मग घरातल्या आजींनी कपाटातून एक कागद काढला, दफ्तरातून मिळवलेला. त्यावर क्रमांक होता, जहाजाचं नाव होतं, जिल्ह्याच्या रकान्यात इंग्रजीत रत्नागिरी लिहिलेलं होतं आणि गावाच्या नावाची पाच-सहा अक्षरं, जी आम्ही सगळ्यांनी मिळून तऱ्हेतऱ्हेने वाचली तरी जुळली नाहीत. जहाजाचं नाव मात्र त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं.

भाषा मागे पडली तरी गणपती राहिला. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला. मंडळी मूर्ती घेऊन नदीवर, समुद्रावर जातात, मोदक करतात, आणि रात्री जाखडी नाचतात. आपल्याकडे कोकणात जाखडी आहे तीच, घुंगरू बांधून गोल फेर धरलेली. तुमच्या घरी गणपती बसत असेल तर तो सोडून मॉरिशसला जा, असं मी कोकणातल्या माणसाला सांगणार नाही. पण ज्यांच्याकडे बसत नाही, त्यांनी एकदा ती तारीख साधावी.

इतर वेळी भेटायचं असेल तर निघण्याआधी महिनाभर महासंघाला किंवा एखाद्या मंडळीला लिहून ठेवा, कोण येतंय, का येतंय, हे साध्या इंग्रजीत. बहुतेक वेळा कोणीतरी देवळात भेटायला बोलावतं, आणि मग चहाला घरी. मिठाई नेऊ नका, विमानतळावर अन्नपदार्थांची तपासणी कडक असते. मी आरतीसंग्रह नेते, मोठ्या अक्षरांचा. तिथले तरुण देवनागरी शाळेत शिकलेले असतात, सावकाश वाचतात. आणि आपल्यातलं कोणी शेजारी बसून बोटाने ओळ दाखवत गेलं की दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळ्यांचा आवाज लागतो. तुमच्या सासऱ्यांना हे काम द्या.